आमच्या मार्गदर्शनाखाली

सकाळपासून आमच्या अपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदनं चालू आहेत. फोटोतला डबा माझा आहे, तळहात तळमजल्यावरच्या मामांचा आहे आणि खाली मजकूर असा: ‘आमच्या मार्गदर्शनाखाली बिल्डिंगमधील होतकरू मुलाने तयार केलेले डास मारायचे मशीन.’ त्याखाली अंगठे, नमस्कार आणि कुणाचा तरी नारळ. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लिहिलंय, ‘मामा, नाद खुळा!’ होतकरू मुलगा बेचाळीस वर्षांचा आहे. त्याचं नाव कुठंच नाही.

मशीन डास मारत नाही. ते गिटारचं फझ पेडल आहे. गिटारची वायर एका बाजूनं आत जाते, दुसऱ्या बाजूनं अँप्लिफायरकडं निघते. मधे दोन ट्रान्झिस्टर, नऊ व्होल्टची बॅटरी आणि वर पायानं दाबायचं बटण. आवाज साफ आत जातो आणि फाटून बाहेर येतो. पैसे खर्चून फाडायचा, हे आमच्या आईला अजून पटलेलं नाही.

सर्किट सोपं असतं, घोडं अडतं ते डब्यापाशी. बूट पडणार म्हणजे डबा ओतीव ॲल्युमिनियमचाच हवा. जगभर चालणारं एक माप ११२ बाय ६० मिलिमीटर, उंची ३१. आता कोल्हापुरात, उद्यमनगरच्या कारखान्यांच्या गावात, ओतीव डबा मिळू नये? इथं ऑइल इंजिनं ओतली गेली, आजही शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतून गाड्यांचे सुटे भाग देशभर जातात. गेलो एका ठिकाणी.

“किती पीस?”

“एक.”

“एक हजार?”

“एकच.”

त्या माणसानं चहा मात्र पाजला. डबा शेवटी बाहेरगावाहून आला आणि कुरिअरवाल्यानं डब्यापेक्षा जास्त पैसे घेतले.

त्यावर नक्षी मला कोरूनच हवी होती. स्टिकर लावायचा तर मग बाजारातलंच पेडल घ्यावं. रीत अशी: चित्र लेझर प्रिंटरवर गुळगुळीत मासिकाच्या पानावर छापायचं, पान डब्यावर पालथं ठेवून कडक इस्त्री फिरवायची, मग पाण्यात भिजवून कागद चोळून काढायचा. लेझरची शाई म्हणजे टोनर, म्हणजे खरं तर प्लॅस्टिकची भुकटी. ती वितळून धातूला धरते. मग फेरिक क्लोराईड. जिथं टोनर नाही तिथला धातू ते खातं. मासिकाचं पान मशीनमध्ये घालायला झेरॉक्सवाला तयार होईपर्यंत माझी निम्मी हौस फिटली होती, पण ते जाऊ दे.

पेडलला दोन नॉब. एकावर लिहिलं ‘जाळ’, दुसऱ्यावर ‘धूर’. कोल्हापुरात दोन्ही संगटच असतात.

वास नको म्हणून पार्किंगच्या मोकळ्या कोपऱ्यात मांडामांड केली. हातमोजे, चष्मा, दोन प्लॅस्टिकचे टब. तेवढ्यात मामा खुर्ची घेऊनच आले. मामांचा सगळा जन्म उद्यमनगरात लेथवर गेला. रिटायर झाले तसा लेथ सुटला, देखरेख सुटली नाही.

“काय करालाईस?”

सांगितलं.

त्यांनी छापलेला कागद उचलला, लांब धरला, जवळ धरला. “उलटं छापलंयस की रं येड्या.”

“मामा, ते मुद्दाम उलटं आहे. इस्त्री केली की सुलटं उमटतं.”

“उलट्याचं सुलटं कसं हुईल?”

“कागद पालथा पडतो ना.”

“मग सरळ छापून पालथा घाल की.”

“मग उलटं येईल.”

“आत्ताच म्हणालास पालथं घातल्यावर सुलटं येतंय.”

मी तळहातावर पेनानं ‘क’ काढला आणि दुसऱ्या तळहातावर दाबून दाखवला. मामांनी दोन्ही हात नीट पाहिले आणि म्हणाले, “घामानं पसरलंय.” मग थोडं थांबून, “बाबूराव पेंटरनी ह्याच गावात क्यामेरा केला. तुला एक डबा जमंना?”

यावर काय बोलणार? डब्यापुरती नव्हे, मला आयुष्यभरासाठी गप्प करणारी ओळ होती ती. मी इस्त्री फिरवली, डबा भिजवला, कागद चोळला. काळी कुळकुळीत, सुलटी अक्षरं वर आली. मामांनी मांडीवर थाप मारली. “मी म्हटलं न्हवतं, सुलटं कर म्हणून?”

मार्गदर्शन म्हणतात ते हे.

मग मी बाटली उघडली. फेरिक क्लोराईडचं पाणी दाट तपकिरी असतं. मामांचं बोट पुढं. “काकवी हाय काय?” मी त्यांचं मनगट धरलं नसतं तर कालची संध्याकाळ दवाखान्यात गेली असती आणि आज ग्रुपवर वेगळा मजकूर असता. बसले मग, पण रुसून.

तांब्याची सर्किटपाटी यात सावकाश, पंधरा-वीस मिनिटं मुरत राहते. ॲल्युमिनियमला तेवढा धीर नाही. बुडवल्या बुडवल्या फसफसतं, टब तापतो, बोचरा वाफारा उठतो, ॲल्युमिनियम विरघळतं आणि त्याच्या बदल्यात लोखंडाचा काळा गाळ खाली बसतो. म्हणून थोडा वेळ बुडवायचा, काढायचा, धुवायचा, परत बुडवायचा. जास्त ठेवला तर टोनरच उखडतो. हे मी मामांना सांगत होतो तेव्हा ते मोठ्यानं आकडे मोजत होते आणि मधेच वॉचमनशी बोलून परत पहिल्यापासून मोजत होते.

कोरून झाल्यावर उरलेल्या पाण्यात मी खाण्याचा सोडा टाकायला लागलो.

“आता हे काय, भजी?”

“आम्ल मारायला, मामा.”

“गटारीत वत की. गटार काय तुझ्या बाचं हाय?”

मुद्दा बिनतोड होता, तरी सोडा टाकला. मग डब्याला काळा रंग फासला, वाळू दिला, वरून पॉलिश पेपर मारला. खड्ड्यांतला रंग राहिला, उंचवट्यांवरचा निघाला, चंदेरी ‘जाळ’ आणि ‘धूर’ लखलखले. मी हात धुवायला गेलो. पिवळट डाग साबणानं जात नव्हते, म्हणून वेळ लागला. फोटो तेवढ्यात निघाला.

‘धूर’ वाचून त्यांना डास आठवले, इथवर मी समजू शकतो. पण कुणी एकानंही विचारू नये की बाबा रे, हे नक्की आहे काय? गणपतीत डॉल्बीनं खिडक्यांच्या काचा थरथरतात, तेव्हा याच ग्रुपवर नाचाचे व्हिडिओ येतात. माझा दहा वॅटचा अँप्लिफायर रविवारी दुपारी वाजला की ‘सर्व रहिवाशांना नम्र विनंती’. सर्व रहिवाशांना म्हणे. गिटार एकाच रहिवाशाकडं आहे.

असो. या फाटक्या आवाजाचा जन्मही बिघाडातूनच झाला. अमेरिकेत नॅशव्हिलला एका रेकॉर्डिंगच्या वेळी मिक्सिंग कन्सोलमधला ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि त्यातून जाणारी बास गिटार घरघरायला लागली. लोकांना ती घरघर आवडली. मग तिथल्याच इंजिनिअरनं ट्रान्झिस्टर वापरून तीच घरघर डब्यात भरली. १९६२ साली ‘मेस्ट्रो फझ-टोन’ नावानं तो डबा बाजारात आला.

आज संध्याकाळी सर्किट बसवलं, स्क्रू आवळले, ‘जाळ’ आणि ‘धूर’ दोन्ही पूर्ण फिरवले आणि एक तार छेडली. बेल वाजली. दारात मामा, मान तिरकी करून कान आत लावलेला.

“पुन्यांदा वाजीव.”

वाजवलं. मामांनी डोळे मिटून ऐकलं.

“ट्रान्सफॉर्मर गेलाय.”

माझ्या तोंडातून शब्द फुटेना.

“उद्या घिऊन यी खाली,” मामा जिना उतरता उतरता म्हणाले, “बगू काय हुतंय.”