वायरलेस माउस खरोखरच बेभरवशाचा असतो का? फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

वायरलेस माउस विकत घेऊ नये, असे बजावणारा एक सल्ला कार्यालयांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरत असतो. त्याचा आशय थोडक्यात असा : वायरलेस माउसचा पॉइंटर अडखळतो, कारण रेडिओचे तंत्रच कच्चे आहे, अडखळू नये म्हणून रिसीव्हर (माउसचे संदेश पकडणारा, संगणकात खोचायचा छोटा तुकडा) निळ्या, म्हणजे वेगवान, यूएसबी पोर्टात लावावा, काही महिन्यांत त्याचे बटण एका दाबाला दोनदा क्लिक करू लागते, त्याच्या लहरींमुळे मनगट दुखते, सेल सतत बदलावे लागतात, आणि कोणीही, कुठूनही संगणकाचा ताबा घेऊ शकतो. यांपैकी शेवटच्या विधानात तथ्याचा बराच अंश आहे, दुसरे जवळजवळ उलटे आहे, आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांत त्रास खरा असला तरी खापर भलत्याच भागावर फोडलेले आहे.

‘पॉइंटर अडखळतो’ या एका तक्रारीत निदान तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात आणि थोडे लक्ष दिले तर त्या लक्षणांवरून वेगळ्या काढता येतात. रेडिओसंदेश वाटेत हरवत असतील, तर पॉइंटर क्षणभर थिजतो, मग एकदम उडी घेतो, आणि त्याच सुमारास केलेले क्लिकही उशिरा लागू पडते किंवा पडतच नाही. पॉइंटर जागच्या जागी थरथरत असेल किंवा भलतीकडे भरकटत असेल, पण क्लिक मात्र बिनचूक लागत असेल, तर रेडिओ ठणठणीत असून माउसच्या पोटातील सेन्सरला खालचा पृष्ठभाग वाचता येत नाही, असे समजावे. काही वेळ हात न लावल्यानंतर फक्त पहिली हालचाल वाया जात असेल, तर माउस वीज वाचवण्यासाठी झोपी गेलेला होता, एवढाच त्याचा अर्थ.

यातला सेन्सरचा प्रकार आपल्याकडे विशेष आढळतो. ऑप्टिकल माउस खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजाराहून अधिक चित्रे टिपतो आणि लागोपाठच्या चित्रांतील फरकावरून हालचाल ठरवतो. आपल्या टेबलांवर मात्र जाड काच असते आणि तिच्याखाली कॅलेंडर, व्हिजिटिंग कार्डे, एखादा देवाचा फोटो सरकवलेला असतो. सेन्सरचे भिंग अगदी जवळच्या, ठरावीक अंतरासाठी जुळवलेले असल्यामुळे काचेखालचा फोटो त्याला स्पष्ट दिसत नाही, आणि गुळगुळीत काचेवर त्याला पकडण्यासारखी खूण सापडत नाही. वर्तमानपत्राची घडी खाली ठेवताच पॉइंटर सरळ चालू लागला, तर निदान झालेच. साधा वायरचा ऑप्टिकल माउसही त्याच काचेवर तसाच भरकटतो, हे त्या सल्ल्याच्या लेखकाने पाहिलेले दिसत नाही.

आता निळ्या पोर्टाविषयी, कारण या सल्ल्यातला सर्वांत नुकसानकारक भाग हाच आहे. निळा, म्हणजे यूएसबी 3.0 चा, पोर्ट सेकंदाला 5 गिगाबिटपर्यंत माहिती वाहतो हे खरे. पण त्यासाठी त्यात पाच जादा पिना दिलेल्या असतात, आणि माउसचा रिसीव्हर जुन्या चार पिनांवरच काम करत असल्याने त्या वेगाचा त्याला काडीचाही लाभ होत नाही. उलट, या वेगवान वाहतुकीतून निर्माण होणारा रेडिओ गोंगाट मोठ्या पट्ट्यात पसरतो आणि त्यात 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टाही येतो. बहुतेक वायरलेस माउस याच पट्ट्यात बोलतात. इंटेलने 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका तांत्रिक टिपणात हा परिणाम मोजमापांसह मांडलेला आहे.

व्यवहारात हे असे दिसते. दोन निळे पोर्ट शेजारी शेजारी आहेत. एकात रिसीव्हर आहे, दुसऱ्यात बाहेरची हार्ड डिस्क. डिस्क निवांत असते तोवर माउस सुरळीत चालतो. लग्नाच्या व्हिडिओची मोठी फाइल कॉपी करायला घेतली की पॉइंटर थिजू लागतो, आणि कॉपी संपताच पुन्हा पूर्ववत होतो. दोष येतो-जातो म्हणून माणूस माउसला लहरी ठरवतो. वास्तविक तो शेजाऱ्याच्या वेळापत्रकाप्रमाणे वागत असतो. डेस्कटॉप संगणकात आणखी एक अडचण असते : रिसीव्हर कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, पत्र्याच्या आणि वायरींच्या जंजाळात, खोचलेला असतो, आणि बसणाऱ्याचे पायही अनेकदा वाटेत येतात. पाण्याचा मोठा अंश असलेले आपले शरीर या लहरी बऱ्यापैकी शोषून घेते. रिसीव्हर समोरच्या काळ्या, म्हणजे जुन्या यूएसबी 2.0 च्या, पोर्टात लावणे, किंवा यूएसबी 2.0 ची छोटी एक्स्टेन्शन केबल घेऊन तो टेबलावर माउसजवळ आणणे, हा उपाय नवीन माउसच्या किमतीपुढे अगदीच स्वस्त आहे.

एका दाबाला दोन क्लिक होणे, किंवा फाइल ओढून नेताना ती मध्येच सुटणे, हा बटणाखालच्या छोट्या यांत्रिक स्विचचा आजार आहे. त्यातील धातूची पट्टी झिजली किंवा तिच्यावर मळ धरला की एका दाबात संपर्क दोनदा जुळतो. असेच स्विच वायरच्या माउसमध्येही असतात, तेव्हा या मुद्द्यावर वायरलेसला वेगळे काढण्याचे कारण उरत नाही.

मनगटाच्या दुखण्याचा लहरींशी जोडलेला संबंध तर तपासण्याच्याही योग्यतेचा नाही. ब्लूटूथ माउससारख्या उपकरणाचे प्रक्षेपण साधारण काही मिलिवॅटच्या घरात असते. जुन्या जीएसएम फोनची शिखरशक्ती 2 वॅटपर्यंत जात असे, आणि तो फोन आपण कानाला लावून तासन्‌तास बोललो. तासन्‌तास मनगट वाकवून, कोपर अधांतरी ठेवून काम केले तर मनगट दुखते, आणि वायर असलेल्या माउसनेही ते तितकेच दुखते.

सेलची तक्रार अर्धी खरी आहे, कारण वायरच्या माउसला सेल लागतच नाही. तरीही ‘नवा सेल घातला तरी बॅटरी कमी दाखवते’ या तक्रारीत बहुधा साध्या पेन्सिल सेलच्या जागी रिचार्जेबल सेल घातलेला असतो. साधा सेल 1.5 व्होल्टचा आणि रिचार्जेबल 1.2 व्होल्टचा असल्याने बॅटरी किती उरली ते दाखवणारी खूण फसते. सुट्टीवर जाताना सेल काढून ठेवावा, एवढे मात्र खरे. गळलेला सेल आतल्या स्प्रिंगा खातो.

राहिला ताबा घेण्याचा मुद्दा, आणि येथे थट्टा करून चालणार नाही. 2016 मध्ये बॅस्टिल या सुरक्षासंस्थेने ‘माउसजॅक’ नावाने मांडलेल्या संशोधनात असे दाखवले, की कित्येक प्रसिद्ध कंपन्यांचे ब्लूटूथ नसलेले रिसीव्हर माउसच्या नावाने आलेला, पण प्रत्यक्षात कीबोर्डच्या कळा दाबणारा, संदेश निमूटपणे स्वीकारतात. माउसची हालचाल गुपित ती काय, या समजुतीने ते संदेश कूटबद्ध केलेलेच नव्हते. स्वस्त रेडिओ उपकरण घेऊन शंभर मीटरपर्यंतच्या अंतरावरून अनोळखी माणूस संगणकात आज्ञा टंकू शकत होता. मात्र ‘कोणीही, कुठूनही’ हे शब्द येथे लागू पडत नाहीत : हल्लेखोराला त्या अंतरात यावे लागते, त्याला पडदा दिसत नाही, आणि पडदा लॉक केलेला असेल तर त्याच्या हाती फारसे लागत नाही. काही कंपन्यांनी रिसीव्हरसाठी दुरुस्तीचे फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आत बसवलेले सॉफ्टवेअर, दिले; पण अनेक रिसीव्हर असे घडवलेले होते की त्यांचे फर्मवेअर बदलताच येत नाही, आणि ते टाकून देण्यावाचून इलाज नव्हता. म्हणून जुना, नाव न कळणारा रिसीव्हर बँकेच्या काउंटरवर किंवा लेखा विभागात असेल, तर तो काढून तेथे वायरचा माउस लावावा, हे मी बिनदिक्कत सांगेन. घरच्या संगणकासाठी जागेवरून उठताना विंडोजची कळ आणि एल एकत्र दाबून पडदा लॉक करण्याची सवय पुरेशी आहे, आणि ती माउस कोणताही असला तरी लावून घ्यावी.