व्यासंगी होण्याचा सुलभ मार्ग

ठाण्यात राहून आपली गणना व्यासंगी माणसांत व्हावी, अशी आपली इच्छा असेल, तर सर्वप्रथम ‘व्यासंग’ हा शब्द कोशात पाहण्याचा मोह आवरावा. कोशांची संगत वाईट असते. मोल्सवर्थ साहेबांनी कँडी बंधू आणि शास्त्रीमंडळी यांच्या साहाय्याने मराठी–इंग्रजी कोश १८३१ साली छापून काढला आणि तेवढ्यावर न थांबता १८५७ साली त्याची दुसरी, वाढवलेली आवृत्ती आणली. एवढा काळ एकाच कामाला धरून बसणे आपल्याला परवडणारे नाही.

त्यापेक्षा व्युत्पत्ती स्वतःच तयार करावी. ‘व्यास’ आणि ‘अंग’ असा सुटसुटीत विग्रह करून, ज्याच्या अंगात व्यासमुनी संचारतात तो व्यासंगी, असे सोसायटीच्या ग्रुपवर सुप्रभाताच्या फुलांखाली लिहून टाकावे. या दोन शब्दांचा संधी ‘व्यासांग’ असा होतो, ‘व्यासंग’ असा नव्हे, हे शाळेत सवर्णदीर्घ संधी शिकलेल्या कोणाच्याही ध्यानात येण्यासारखे आहे. परंतु घोडबंदर रस्त्यावर अडकून संदेश वाचणारा माणूस असा संधी सोडवत बसत नाही, तो गाडी पुढे काढण्याची संधी शोधत असतो.

खरे मूळ ठाऊक असलेच, तर ते घरी ठेवावे. ‘वि’ आणि ‘आ’ हे उपसर्ग लागून ‘सञ्ज्’, म्हणजे चिकटणे, या धातूपासून हा शब्द झाला. संग, प्रसंग आणि आसक्ती ही त्याचीच भावंडे. संस्कृतात त्याचा अर्थ एखाद्या गोष्टीला घट्ट लागून राहणे असा असून अतिआसक्तीही त्यात बसते. मराठीने त्यातून अभ्यासाची निष्ठा तेवढी उचलली. आपल्या ‘चिकाटी’तही चिकटणेच आहे. अर्थात या माहितीचा एक उपयोग मात्र जरूर करून घ्यावा: दिवसभर मोबाइलला चिकटून असल्याबद्दल घरच्यांनी टोकल्यास, मूळ अर्थाने हाच व्यासंग होय, असे शांतपणे सांगावे.

विनायक लक्ष्मण भावे प्रभृतींनी १८९३ साली स्थापन केलेले मराठी ग्रंथसंग्रहालय स्टेशनपासून चालत जाण्याइतके जवळ आहे, हा आपल्या मार्गातील खरा धोका आहे. तेथे गेल्यास एका शब्दासाठी चार कोश उघडावे लागतात, चौघांचे मत जुळत नाही आणि संध्याकाळ जाते. म्हणून स्टेशनवरून थेट रिक्षाच्या रांगेकडे वळावे.

एवढे करूनही एखाद्या निवृत्त संस्कृत शिक्षिकाबाईंनी ग्रुपवर “यात धातू कोणता?” असे विचारलेच, तर गांगरून जाऊ नये. धातूंची कामे वागळे इस्टेटीत होतात, असे नम्रपणे कळवून त्यांना हात जोडल्याचे चिन्ह पाठवावे.