बाथरूमची कडी

आमच्या बाथरूमची कडी दोन वर्षं तुटलेली होती. दार नुसतं लोटायचं, आत नळाचा आवाज आला की समजायचं कुणीतरी आहे. घरात माणसं चार, सगळी आपलीच. कडी लावायची कुणापासून? कांजूरमार्गच्या वन रूम किचनमध्ये असे हिशेब चालतात.

दोन महिन्यांपूर्वी आईने नेहमीसारखं दार ढकललं आणि आतून लेक ओरडला, "आजी, जा ना तू!" वय अकरा, सहावीत. आईला लागलं. "याच हातांनी तुला न्हाऊमाखू घातलंय मी." मी काय करावं? त्यालाच झापलं. आजीशी असं बोलतात का म्हणून.

खरं काय ते त्याच आठवड्यात कळलं. जांघेत खाज, लाल चट्टे. बायकोच्या लक्षात आलं की बादलीत रोज ओलीचिंब चड्डी पडलेली असते. पोरगा कित्येक दिवस चड्डी घालूनच अंघोळ करत होता. दार कधी उघडेल याचा नेम नाही, म्हणून. अंग धड धुतलं जात नव्हतं, पुसलं जात नव्हतं, वर मुंबईची दमट हवा. डॉक्टरांनी पाहिलं, म्हणाले फंगल इन्फेक्शन. केमिस्टकडून मनाने आणलेली ट्यूब लावू नका, हेही बजावलं. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. खाज तेवढ्यापुरती थांबते आणि गजकर्ण आतल्या आत पसरतं.

आणि मी त्याला रोज ऐकवत होतो, "नीट अंघोळ करत जा, घामाचा वास येतो."

वास येणारच. या वयात काखेतल्या आणि जांघेतल्या वेगळ्या घामग्रंथी कामाला लागतात. त्या घामाला स्वतःचा फारसा वास नसतो, त्वचेवरचे जिवाणू तो तयार करतात. म्हणून वर पावडर थापून किंवा डिओ फवारून भागत नाही, साबण-पाणीच लागतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मुलींना निदान पाळीपुरतं तरी कुणीतरी काहीतरी सांगतं. मुलग्यांना काय मिळतं? डिओच्या जाहिराती आणि काकांचा "काय रे, मिशी फुटली वाटतं!" तोही चारचौघांत, गणपतीच्या आरतीनंतर. मुलग्यांमध्ये हे बदल साधारण ९ ते १४ वर्षांच्या दरम्यान सुरू होतात, मुलींमध्ये ८ ते १३. म्हणजे चौथी-पाचवीतल्या लेकरालाही हे माहीत असायला हवं. आपण दहावीची वाट बघत बसतो.

मी नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलो. १६० चौरस फुटांची खोली, माणसं सात, संडास मजल्यावर सामायिक, मोरीला जुन्या साडीचा पडदा. ताईला 'कावळा शिवला' की ती कोपऱ्यात बसायची आणि अख्ख्या मजल्याला कळायचं. तिच्या कापडाच्या घड्या मात्र टॉवेलखाली, सावलीत वाळायच्या, धड न वाळताच परत वापरात यायच्या. जे झाकायचं ते उघडं, आणि ज्याला ऊन हवं ते झाकलेलं. तो उलटा कारभार आमच्या घरातून अजून गेलेला नाही. परवा लेकाने स्वतः धुतलेली चड्डी ग्रिलच्या दोरीवर घातली आणि वर टॉवेल पसरला. कुणी शिकवलं असेल याला? मी टॉवेल बाजूला केला. पावसाळ्यात पंख्याखाली, चिमटा लावून, पण उघडीच वाळवायची, असं ठरलंय.

२०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. आमच्या घरी तो निकाल स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून, ऐंशी रुपयांच्या कडीच्या रूपात पोचला. स्क्रू लेकानेच पिळले. त्या रात्री गच्चीवर त्याच्याशी बोललो. कुठे कसं धुवायचं, कातडी जोर लावून मागे ओढायची नाही, केस येतील, आवाज फाटेल, झोपेत चड्डी ओली होऊ शकते आणि तो आजार नव्हे. मला घाम फुटला होता. त्याने सगळं ऐकून एवढंच विचारलं, "तुला पण झालेलं?"

एक गोष्ट मी दोनदा सांगितली. दार बंद करणं वेगळं आणि तोंड बंद ठेवणं वेगळं. कुणीही हात लावून "घरी सांगू नकोस" म्हणालं, तर तेच आधी घरी सांगायचं. आम्हाला सांगायला जड गेलं तर मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ नंबर पाठ ठेव.

कुणी म्हणेल, पोराच्या खाजगीपणावर लिहितोस आणि त्याचीच चड्डी फेसबुकवर वाळत घालतोस. बरोबर आहे. पोस्ट आधी त्याला वाचून दाखवली. दोन ओळी त्याने काढायला लावल्या, काढल्या. नाव नको म्हणाला, घातलेलं नाही.

आईने दारावर टकटक करायला साफ नकार दिला. "माझ्याच घरात मी दार वाजवू?" पण हल्ली बाथरूमकडे जाताना ती दोनदा खाकरते. चाळीत आजोबा मोरीच्या पडद्यापाशी असंच खाकरायचे, आणि आतून बांगड्या वाजल्या की तिथूनच मागे फिरायचे.