कवीले काय म्हणाचं आहे?

"सर, कवीले हेच म्हणाचं होतं, तं त्यानं सरळ काऊन नाही म्हटलं?"

मागच्या बाकावरून हा प्रश्न येत नाही, तोवर कवितेचा तास सुरू झाला असं मी धरतच नाही. प्रश्न रास्त आहे. "कवीला काय म्हणायचे आहे?" असं विचारलं की पोट्टे कवीला मुका समजतात.

म्हणून तो प्रश्न बंद. आधी पुस्तकं मिटून कविता मोठ्यानं ऐकायची. दुसऱ्या वाचनात ओळ संपते तिथं नव्हे, अर्थ संपतो तिथं थांबायचं. नाहीतर वर्ग पाढे म्हणू लागतो. मग विचारायचं : कोण बोलतंय, कोणाशी, कोणत्या वेळी? त्यानंतर कविता फळ्यावर लिहून एक मोक्याचा शब्द गाळायचा. पोरं दहा शब्द सुचवतात. कवीनं त्यातला एकही का घेतला नाही, यावर जे भांडण जुंपतं तेच रसग्रहण. गाईड मात्र दप्तरात हवं. पहिल्या बाकावरून नेमका कवीचाच शब्द आला की भांडण तिथंच मेलं.

परीक्षेतल्या रसग्रहणाला आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये लागतात. पाठ केलेलं वाक्य ठरलेलं : "भाषा साधी, सोपी व ओघवती आहे." अभंगालाही तेच, गझलेलाही तेच.

खरा घाम पोरांकडून कविता लिहून घेताना फुटतो. विषय 'पाऊस' दिला की निम्म्या वह्यांत नारळाची झाडं डोलतात. गावात दुबार पेरणीची चिंता अन् वहीत कोकण! यमकाचा तर धाकच : "आई माझी छान, जसं हिरवं रान." यात त्या माउलीचा काय गुन्हा?

आणि हेच पोट्टे पोळ्याला तोरणाखाली उभे करा. सरपंच, कापसाचा भाव, कोणालाच न सोडता झडत्या, म्हणजे पोळ्याची चिमटे काढणारी यमकदार कवनं, फेकतात, अन् "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव" म्हणताना अख्खं गाव साथीला. ठेका चुकत नाही, यमक चुकत नाही. म्हणून मी झडतीवरून थोरल्या अभंगाकडे वळतो. चार चरण, अक्षरं 6, 6, 6, 4, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. बोटांवर मोजायचं :

कापूस फुटला । भाव मात्र पडे ।
बाप माह्याकडे । पाहे नुस्ता ॥

जोडाक्षर एकच धरायचं. 'माह्या'ची तीन अक्षरं मोजणारा एखादा असतोच. लघु-गुरू त्याच तासाला काढू नये, दोन्ही हिशेब एकमेकांत शिरतात. आणि लाल शाईनं 'माह्या'चं 'माझ्या' करू नये. अक्षरं तेवढीच भरतात, पण बाप परका होतो.

असे चार-दोन अभंग जमले की बातमी फुटते. स्नेहसंमेलनाच्या आदल्या संध्याकाळी निरोप येतो : पाहुण्यांच्या स्वागताला आठ ओळी, आडनावाशी यमक जुळवून. वानखडे असले तर निभतं. देशमुख असले की 'सुख' पहिल्याच कडव्यात खर्ची पडतं, अन् दुसऱ्यात पोट्टे बिनधास्त 'दुःख' आणून बसवतात.