रात्रपाळीचे स्वयंसेवक बाळंतपणं करत नाहीत

सध्या एक मेसेज फिरतो आहे: ‘परदेशातल्या खेड्यातील मिशन दवाखान्यात रात्रपाळीला स्वयंसेवक म्हणून जा. डॉक्टर झोपलेले असतात, त्यामुळे शिक्षण नसलं तरी इंजेक्शनं, टाके, बाळंतपणं करायला मिळतात.’

हे चुकीचं आहे, आणि धोकादायकही. जे काम आपल्या देशात करायची परवानगी नाही, ते विमानात बसल्याने मिळत नाही. पदवीधर डॉक्टर-नर्सलासुद्धा साधारणपणे त्या देशाच्या मेडिकल किंवा नर्सिंग कौन्सिलची तात्पुरती नोंदणी घ्यावी लागते. बऱ्याच देशांत पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामही चालत नाही.

मग अप्रशिक्षित माणूस रात्रभर करतो काय? दिसायला किरकोळ कामं. पाणी आणून देणं, केसपेपर शोधणं, टॉर्च धरणं. शिकवलं असेल तर तापमान लिहिणं आणि लहान मुलांचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजणं. २ ते १२ महिन्यांच्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, तर नर्सला उठवायचं; न्यूमोनियाची ती खूण असू शकते. (मोजताना मूल रडत नसावं, नाहीतर आकडा फसवतो.) वीज गेली की ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र) बंद पडतो, तेव्हा जनरेटरकडे धावणारा माणूसही लागतोच.

डॉक्टर झोपलेले असतात हे मात्र खरं. ते ऑन-कॉल असतात, हाकेच्या अंतरावर.