आवर्तसारणीवरचे बाण आणि ते न जुमानणारी मूलद्रव्यं

परीक्षा जवळ आल्या की आवर्तसारणीचं एक चित्र हमखास फिरू लागतं. सारणीवर दोन जाड बाण, एक आडवा, एक उभा. खाली मजकूर : ‘उजवीकडे गेलं की आयनीभवन ऊर्जा वाढते. फ्लोरिन सगळ्यांत हावरं. खाली गेलं की अणू मोठा. अपवाद नाहीत, पाठ करा!’ बाण चूक नाहीत. चूक आहे ते ‘अपवाद नाहीत’.

आधी आडवा बाण. आवर्तात, म्हणजे सारणीच्या आडव्या ओळीत, उजवीकडे जाताना केंद्रकात प्रोटॉन वाढतात, नवे इलेक्ट्रॉन मात्र त्याच कवचात येतात, म्हणून ओढ वाढते आणि इलेक्ट्रॉन सोडवायला लागणारी ऊर्जा, म्हणजेच आयनीभवन ऊर्जा, वाढते. इथवर ठीक. पण बेरिलिअमचा एक इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे ८९९ किलोज्यूल लागतात आणि शेजारच्या बोरॉनचा ८०१ मध्येच सुटतो. पुढे नायट्रोजन १४०२, ऑक्सिजन १३१४. आठ जणांच्या रांगेत दोनदा घसरण! बोरॉनचा शेवटचा इलेक्ट्रॉन जरा वरच्या ऊर्जेच्या उपकवचात (कवचातल्या पोटकप्प्यात) बसलेला असतो, म्हणून सहज सुटतो. ऑक्सिजनमध्ये दोन इलेक्ट्रॉनांना एकाच कक्षकात (उपकवचातल्या एका जागेत) दाटीने राहावं लागतं, त्यातला एक लवकर बाहेर पडतो.

फ्लोरिनचा हावरेपणा? विद्युतऋणतेत, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्यात, ते पहिलं, यात वाद नाही. पण सुट्या अणूने बाहेरचा इलेक्ट्रॉन घेतल्यावर सुटणारी ऊर्जा मोजली, तर मोलमागे फ्लोरिन ३२८ आणि त्याच्या खालचं क्लोरिन ३४९ किलोज्यूल. फ्लोरिनचा अणू इतका चिमुकला, की आधीचेच इलेक्ट्रॉन नव्याला ढकलतात. दोन वेगळे गुणधर्म एका शब्दात कोंबले की असं होतं.

उभ्या बाणाची गंमत मोठी आहे. चौथ्या गणात, म्हणजे चौथ्या उभ्या स्तंभात, झिर्कोनिअमच्या खाली हाफ्निअम. अणुअंक ४० आणि ७२, मध्ये एक अख्खं कवच वाढलेलं. तरी अणुत्रिज्या १६० आणि १५९ पिकोमीटर! कारण सहाव्या आवर्तात हाफ्निअमच्या आधी लॅन्थनाइडांची, म्हणजे सारणीखाली वेगळ्या ओळीत दाखवतात त्या मूलद्रव्यांची, रांग लागते. तिथे आतल्या ४एफ या उपकवचात भरणारे इलेक्ट्रॉन केंद्रकाची ओढ नीट झाकत नाहीत, त्यामुळे अणू आक्रसत जातो आणि कवच वाढल्याचा परिणाम जवळजवळ पुसला जातो. चांदी आणि सोनं यांचंही तेच, दोघांची त्रिज्या १४४ च्या आसपास. सोन्याची आयनीभवन ऊर्जा तर चांदीपेक्षा जास्त, ८९० विरुद्ध ७३१. खाली अणू मोठा, म्हणून इलेक्ट्रॉन सहज सुटावा, असं बाण सुचवतो; इथे अगदी उलट.

या जुळेपणाने रसायनशास्त्रज्ञांनाही चकवलं. झिर्कोनिअमचा शोध १७८९ चा. त्याच्याच खनिजात मिसळून बसलेलं हाफ्निअम सापडायला १९२३ उजाडलं. कोपनहेगनमध्ये कोस्टर आणि हेवेशी या शास्त्रज्ञांनी ते क्ष-किरण वर्णपटावरून ओळखलं. क्ष-किरणांचा वर्णपट अणुअंकावर ठरतो, तिथे सोंग चालत नाही.

अणुभट्टीतही सोंग चालत नाही. तारापूरच्या भट्ट्यांत इंधनाच्या नळ्या झिर्कोनिअमच्या मिश्रधातूच्या असतात, कारण तो न्यूट्रॉन फारसे गिळत नाही. हाफ्निअम मात्र झिर्कोनिअमच्या सुमारे सहाशेपट गिळतं. म्हणून नळ्या करण्याआधी झिर्कोनिअममधून हाफ्निअम काढून टाकावं लागतं. आकार सारखा, रसायनं सारखी, त्यामुळे हे भलतंच चिकट काम आहे.