घोडीची पिशवी लाल पाण्याने धुवा म्हणणारा मेसेज कृपया पुढे पाठवू नका

दत्तजयंतीची सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा उरकली की आपल्या घोडेवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो, शहाद्यापासून चोपड्यापर्यंत सगळ्यांकडे आलेला असेल. थोडक्यात असा: घोडा दाखवून घोडी दोनदा उलटली (गाभण न राहता परत माजावर आली) म्हणजे पिशवीत, म्हणजे गर्भाशयात, इन्फेक्शन समजा, लाल पाण्याने (पोटॅशियम परमँगनेटच्या) पिशवी धुवा, ५ दिवस अँटिबायोटिक सोडा, घाण पडत नसेल तर पिशवी साफ, घोडा लागल्यावर ३ दिवस हात लावू नका, आणि वार (शिंगरू झाल्यावर पडणारा जार) गाईसारखी दुसऱ्या दिवशी पडली तरी चालते. भो, यातलं जवळपास सगळंच चुकीचं आहे आणि यात चांगल्या घोड्या कायमच्या वांझ होतात म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे उलटली की इन्फेक्शन, हे कुणी ठरवलं? दत्तजयंतीला घोडी घ्यायची आणि लगेच थंडीतच घोडा दाखवायचा, पण तेव्हा दिवस लहान असतात, बऱ्याच घोड्या नीट माजावर येतच नाहीत, दिवस मोठा व्हायला लागला की चक्र सुरळीत होतं. माज ५ ते ७ दिवस चालतो आणि बीज सुटतं ते शेवटच्या एक-दोन दिवसांत, म्हणजे पहिल्याच दिवशी घोडा लावून मोकळे झालात तर घोडी रिकामी राहणार, त्यात पिशवीचा काय दोष.

लाल पाणी तर अजिबात नको. पोटॅशियम परमँगनेट असो की कडक आयोडीन, आतलं नाजूक अस्तर भाजतं, व्रण पडतात, कधी पिशवीच्या भिंती एकमेकींना चिकटतात. मग गर्भ धरायला जागाच राहत नाही.

अँटिबायोटिकचंही तेच. घोडीच्या पिशवीत जास्त करून स्ट्रेप्टोकोकस झूएपिडेमिकस नावाचा जंतू सापडतो, त्याला बहुतेक वेळा पेनिसिलिन चालतं, पण ई. कोलाय, क्लेब्सिएला किंवा स्यूडोमोनास असेल तर त्याच पेनिसिलिनने काही होत नाही. म्हणून आधी पिशवीतला स्वॅब घ्यायचा, कल्चर करायचं (लॅबमध्ये जंतू वाढवून कुठला आहे ते बघायचं), आणि त्याच नमुन्याची स्लाइड बघून पांढऱ्या पेशी आहेत का तेही बघायचं. अंदाजाने औषध सोडत राहिलात तर बुरशी माजते आणि ती जंतूपेक्षा चिवट. एन्रोफ्लॉक्सासिनचं इंजेक्शन थेट पिशवीत सोडणारेही आहेत, त्याने अस्तराला जखमा होतात, प्लीज करू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ३ दिवस हात लावू नका वालं. घोड्याचं वीर्य थेट पिशवीत पडतं, सोबत थोडे जंतू जातातच, त्यामुळे घोडा लागला की प्रत्येक घोडीच्या पिशवीला सूज येते, हे नॉर्मल आहे. तरुण घोडी आत जमलेलं पाणी एक-दोन दिवसांत स्वतः बाहेर टाकते. पण चार-पाच शिंगरं झालेली, वयस्कर घोडी असेल तर पिशवी खाली लोंबते, आवळायची ताकद कमी होते, पाणी आतच साचतं आणि त्यात जंतू वाढतात. बाहेर एक थेंब घाण दिसत नाही, सोनोग्राफीवर मात्र पाणी स्पष्ट दिसतं, म्हणून घाण नाही म्हणजे साफ हेही खोटं. शुक्राणू साधारण ४ तासांत बीजनळीत पोचलेले असतात आणि गर्भ पिशवीत उतरतो सहाव्या दिवसाच्या आसपास, त्यामुळे मधल्या काळात डॉक्टरने निर्जंतुक सलाइनने पिशवी धुतली, ऑक्सिटोसिन (पिशवी आवळायला लावणारं औषध) दिलं, तर गर्भाला धोका नाही. अशा घोडीला पहिल्या २४ तासांतच मदत लागते आणि मेसेज नेमका तोच वेळ वाया घालवायला सांगतो.

एक गोष्ट तुम्ही स्वतः बघू शकता. घोडीच्या मागे बाजूला उभं राहून योनीचे ओठ हलकेच बाजूला करा (लाथेपासून सांभाळून), सूं करून हवा आत ओढल्याचा आवाज आला तर तिथूनच शेण आणि जंतू आत जातायत. वाळलेल्या, गुदद्वार आत खेचलेल्या घोडीत हे फार दिसतं. तिथे वरचा भाग शिवून घ्यावा लागतो, छोटं ऑपरेशन आहे, ते न करता कितीही औषधं ओता, इन्फेक्शन परत येणार.

घोडा धट्टाकट्टा आहे म्हणून दोष घोडीचाच, असंही कमेंटमध्ये कुणीतरी म्हणतंच. १९७७ मध्ये इंग्लंडच्या न्यूमार्केटला नर घोड्यांकडूनच माद्यांना होणारा गर्भाशयाचा संसर्ग पहिल्यांदा ओळखला गेला, टेलोरेला नावाचा जंतू, आणि तो पसरवणाऱ्या नर घोड्यांत काहीच लक्षण नव्हतं. नराचाही स्वॅब घ्या.

आणि वार. गाईचं गणित इथे लावू नका रे बाबांनो. घोडीची वार ३ तासांत पडायला हवी, नाही पडली तर ती इमर्जन्सी आहे, विष अंगात भिनतं, खुरं सुजतात, घोडी उभी राहू शकत नाही, जीवही जातो. रात्री दोनला शिंगरू झालं तर पाचला डॉक्टरला फोन गेलाच पाहिजे. तोवर वार ओढायची नाही, लोंबणारा भाग वर गाठ मारून ठेवायचा म्हणजे तिचा पाय पडणार नाही, आणि पडल्यावर जमिनीवर पसरून एखादा तुकडा आत राहिला का ते डॉक्टरला दाखवायचं.